बोटांना हलायला जागा ठेव

काल रात्री तू पाठवलेला बुटाचा फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. देखणा आहे, यात शंकाच नाही. चॉकलेटी रंग, आत मेंढीच्या लोकरीसारखं अस्तर, बाजूला ठळक अक्षरांत ‘उणे ३०’. सेल रविवारी रात्री संपतोय आणि तू विचारतोयस, “ताई, घेऊन टाकू का?” नको घेऊस रे. निदान माझं सगळं ऐकून होईपर्यंत तरी नको. फोनवर तुझ्या मागे ऑफिसातली मंडळी हसत-खिदळत होती, म्हणून मी जास्त बोलले नाही. आता निवांत आहेस ना? मग ऐक.

तू डोंगरात नवा नाहीस. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या वाऱ्यात कुडकुडत रात्र काढलीयस, कळसूबाईच्या शिड्या पहाटेच्या अंधारात चढलायस. पण आपल्याकडची थंडी ती केवढी? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, एवढी. उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला डिसेंबरच्या शेवटी तू जे बघणार आहेस ते वेगळं आहे. पायथ्याचं सांक्री गाव साधारण ६,४०० फुटांवर, आणि शिखर १२,५०० फुटांवर. रात्री पारा शून्याखाली दहापर्यंत सहज उतरतो. शिखराच्या दिवशी पहाटे तीन-चारला निघायचं, काळोखात, बर्फ दगडासारखा कडक झालेला. दोन तास चढलं की पाठीला आणि पायाला घाम. मग उजाडेपर्यंत कुठे तरी थांबायचं, की तोच घाम गार. आणि दुपारी परत उतरताना ऊन लागून बर्फ भुसभुशीत होतो, पाय नडगीपर्यंत आत जातो. एकाच दिवसात गोठवणारी थंडी, घाम आणि ओल, तिन्ही. बूट निवडायचा तो या तिन्हींसाठी. नुसत्या ‘उणे ३०’साठी नाही.

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आईला आजवर सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस.

आठ वर्षांपूर्वी मी उत्तराखंडात पहिल्यांदा हिवाळ्यातल्या ट्रेकला गेले, आठवतंय? परत आल्यावर पंधरा दिवस मी घरात मोजे घालून फिरत होते आणि आई म्हणत होती, “एवढी कसली थंडी बाधलीय हिला?” माझे बूट चांगलेच होते. नवे, इन्सुलेटेड, वॉटरप्रूफ. चूक बुटाची नव्हती. मी माझ्या नेहमीच्या नंबरचेच घेतले होते आणि थंडीच्या धास्तीने आत दोन जाड लोकरी मोजे एकावर एक चढवले होते. बूट पायावर असे बसले, जसा कुणी पाय मुठीत आवळून धरलाय. मला ते उबदार वाटलं. चालायला लागल्यावर तासभर बोटं दुखत राहिली. मग दुखायची थांबली. मी मनाशी म्हटलं, चला, सवय झाली.

संध्याकाळी तंबूत हेडलॅम्पच्या उजेडात मोजे काढले. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढरं पडलं होतं. गोरं नाही, मेणबत्तीसारखं पांढरं. नखाने टोचलं तर आपल्याच बोटाला टोचतोय असं वाटेना, दुसऱ्याच कुणाचं तरी बोट हातात धरल्यासारखं वाटत होतं. तंबूतल्या मैत्रिणीने एक शब्दही न बोलता माझा पाय उचलला, आपलं जॅकेट वर केलं आणि माझी बोटं तिच्या उघड्या पोटाला लावून धरली. अर्धा तास. बोटांत जीव परत आला तेव्हा हजार इंगळ्या डसाव्यात तशी आग झाली आणि मी तोंडात मफलर कोंबून रडले. हिमदंशाच्या उंबरठ्यावरून परत आले मी. अजूनही पुण्यात जानेवारीतल्या सकाळी त्या दोन बोटांना मुंग्या येतात. दुखणं थांबलं तेव्हाच मी लीडरला हाक मारायला हवी होती. मी मारली नाही, कारण माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं असतं. तू तसं करू नकोस, एवढ्यासाठी हे सगळं सांगतेय.

आता बुटाचं. पहिली गोष्ट मनात पक्की धर: बूट ऊब देत नाही. त्याच्यात काही शेगडी नसते. ऊब तुझ्या रक्ताची. हृदयातून निघालेलं गरम रक्त बोटांच्या टोकापर्यंत पोचतं, आणि बूट फक्त ती ऊब बाहेर जाऊ देत नाही, गोधडीसारखा. गोधडीत तरी काय असतं? कापडांच्या थरांत अडकलेली हवा. बुटाच्या अस्तरातही तेच. रक्त पोचलं नाही तर राखायला काही उरतच नाही, आणि अस्तर दाबून चपटं केलंस तर आतली हवा गेली. घट्ट बुटाने हे दोन्ही एकदमच होतं. माझं तेच झालं.

१९५३ साली तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर गेले, तेव्हा वरच्या टप्प्यासाठी खास बूट करवून घेतले होते. त्यांत ऊब राखायला काय घातलं होतं, ठाऊक आहे? कापोक. म्हणजे आपल्या आजीच्या उशीत असायचा तसला, सावरीच्या जातीच्या झाडाचा कापूस. तीन वर्षं आधी, १९५० मध्ये, अन्नपूर्णा शिखरावर पोचलेल्या मोरिस हर्झोगला पायाची सगळी बोटं गमवावी लागली होती. त्यामुळे पायाकडे त्या काळी कोण किती बारकाईने बघत असेल, विचार कर. आणि इतकं करून उपाय काय काढला, तर उशीतला कापूस. मला ही गोष्ट फार आवडते. बुटाकडे बघताना ती डोक्यात असली की जाहिरातीतल्या मोठ्या शब्दांनी माणूस बिचकत नाही.

हल्ली कापसाच्या जागी बारीक कृत्रिम धागे असतात. थिन्सुलेट, प्राइमालॉफ्ट ही नावं तुला पेटीवर दिसतील. पुढे लिहिलेलं असतं २०० ग्रॅम, ४०० ग्रॅम, कधी ८००. ते बुटाचं वजन नव्हे. एक चौरस मीटर अस्तराचं ते वजन, म्हणजे थोडक्यात अस्तर किती जाड ते कळतं. इथेच सगळे फसतात. आठशे म्हणजे चारशेच्या दुप्पट चांगलं, असं वाटतं. तसं नाही. ८०० ग्रॅमवाले बूट एका जागी बसून राहणाऱ्या माणसाचे. गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून तासन्‌तास बसणारे लोक असतात ना परदेशात, त्यांचे. तू चढणार आहेस, पाठीवर सॅक घेऊन. असल्या बुटात तुझा पाय पहिल्याच तासात घामाने थबथबेल. शाळेत असताना तुझे मोजे पिळले तर पाणी निघायचं, मी स्वतः वाळत घातलेत ते. ओला मोजा गार पडला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं.

म्हणून केदारकंठ्यासाठी, तुझ्या घाम येणाऱ्या पायांसाठी, २०० ग्रॅमच्या आसपासचा बूट बघ. पुरतो. खरं सांगायचं तर तिथे कित्येक जण साधे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट आणि चांगले लोकरी मोजे घालून जाऊन येतात आणि चालत असेपर्यंत त्यांना काही होत नाही. त्रास होतो तो पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत, आणि थांबल्यावर. तेवढ्यासाठी पातळ अस्तर हवं. पुढेमागे झंस्कार नदीच्या गोठलेल्या ‘चादरी’वर जायचं मनात आलं, जिथे जानेवारी-फेब्रुवारीत रात्री उणे २५ सुद्धा होतं, तर तेव्हाचं गणित निराळं. तेव्हा आपण परत बोलू.

आणि तो ‘उणे ३०’ आकडा? तो कुणाच्या पायावर मोजला, तो माणूस चालत होता की उभा, किती वेळ, हे पेटीवर कुठेच नसतं. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. तू पाठवलेल्या फोटोखाली बारीक अक्षरांत वजनही दिलंय, ते पाहिलंस का? जोडीचं सव्वादोन किलो. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंएवढं दमवतं असं गिर्यारोहक पूर्वीपासून म्हणतात. तो बूट अंगणातला बर्फ फावड्याने ओढणाऱ्या माणसासाठी आहे राजा, शिखर चढणाऱ्यासाठी नाही.

एवढंच आणखी: अस्तर वरून पायाला सांभाळतं, पण पाय टेकतो बर्फावर. बरीच थंडी खालून येते. बुटातला सुकतळा काढून हातात घेऊन बघ. कागदासारखा पातळ निघाला तर दुकानदाराला नमद्याचा किंवा लोकरीचा जाड सुकतळा माग आणि तो घालूनच बुटाचं माप घे. नंतर घालायचा म्हटलास तर तोच बुटातली जागा खाईल.

वॉटरप्रूफचं फार लांबवत नाही. आत गोअर-टेक्स किंवा तसल्याच जातीचा पडदा असावा. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. मात्र वाफ जाते ती हळूहळू, त्यावर सगळा भरवसा टाकू नकोस. जीभ बघ, बुटाची. ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असली पाहिजे. सुटी असली तर नाड्यांच्या फटीतून बर्फ आत शिरतो आणि मग कसलाही पडदा असो, उपयोग शून्य. उंची घोट्याच्या वर. त्याच्यावर नडगी झाकणारे गेटर चढतीलच. गेटर आणि बुटाखाली लावायचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, सांक्रीत भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नकोस. बूटही मिळतात भाड्याने, पण ते मात्र नको. दुसऱ्याच्या पायाला सरावलेला बूट पहाटे साडेतीनला तुझ्या टाचेला फोड आणणार.

सोलवर मात्र मन लावून बघ. आपले सह्याद्रीतले बूट कातळाला चिकटतात, कारण त्यांचं रबर मऊ आणि खाचा उथळ. बर्फात खाचा खोल लागतात, एकमेकींपासून लांब, म्हणजे त्यांत बर्फ भरून राहत नाही, पाऊल उचललं की झडून जातो. काही रबरं गारठ्यात इतकी कडक होतात की सोल प्लॅस्टिकसारखा घसरतो. ‘व्हिब्रम’ची पिवळी अष्टकोनी खूण तू पाहिली असशील. त्या नावामागे एक माणूस आहे, विताले ब्रामानी, मिलानचा गिर्यारोहक. १९३५ साली आल्प्समध्ये पुंता रासिका नावाच्या सुळक्यावर त्याच्याबरोबर गेलेल्यांतले सहा जण वादळात अडकून गारठून मेले. तेव्हाची रीत अशी की खाली खिळे ठोकलेले जड बूट, आणि कातळ चढायला पातळ तळाची हलकी पादत्राणं. वरती बर्फाने गाठलं तेव्हा त्यांच्या पायांत ती हलकी होती. त्यानंतर दोन वर्षांत ब्रामानीने रबराचा खोल खाचांचा सोल तयार केला, जो कातळावरही चालेल आणि बर्फावरही. आज बाजारातल्या बहुतेक ट्रेकिंग बुटांच्या तळाला तशाच खाचा असतात. बूट उलटा करून खाचा बघतोस ना, तेव्हा ते सहा जण आठव. मला तरी आठवतात.

आता दुकान. ऑनलाइन घेऊ नकोस, असं मी जे धरून बसलेय ना, ते याच्यासाठी.

संध्याकाळी जायचं. दिवसभराच्या चालण्या-उभं राहण्याने पाय थोडा सुजलेला असतो, आणि ट्रेकवर तो तसाच असणार. जाताना ट्रेकचेच मोजे बरोबर न्यायचे. दुकानातले ते पातळ नायलॉनचे ट्रायलचे मोजे घालून घेतलेलं माप खोटं. आठ नंबर म्हणजे युरोपचा साधारण ४२, हे खरं, पण नंबर हा फक्त सुरुवात करायला. बूट ज्या साच्यावर बेततात, त्या कलबुताची ठेवण प्रत्येक कंपनीची वेगळी. एकाचा आठ तुला सैल होईल, दुसऱ्याचा नऊही आवळेल. शिवाय आपल्या घराण्याचा चवडा रुंद, बाबांवर गेलायस तू. त्यांनी जन्मभर कोल्हापुरी वापरली, बुटात त्यांचा पाय कधी सुखाने राहिला नाही. तेव्हा लांबी जुळली म्हणून खूश होऊ नकोस. करंगळीच्या बाजूला कापड ताणलंय का, ते हात लावून बघ. ताणलं असेल तर दुसरा जोड माग.

नाडी न बांधता पाय पुढे सरकव, बोटं पुढच्या टोकाला टेकव. टाचेमागे तुझं एक बोट आरामात गेलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून बसव आणि नाडी बांध. चवड्यावर सैल, घोट्यापाशी घट्ट. तिथे दुहेरी गाठ मारलीस तर वरचा ताण खाली उतरत नाही. आता उभा राहा आणि बुटाच्या आत पाचही बोटं हलव. हार्मोनियमवर बोटं फिरवतात तशी. हलली? सगळी? करंगळीसुद्धा? मग पुढे. नाही हलली, तर बूट कितीही भारी असो, काढ.

मग चाल. दुकानात उतरता रॅम्प असेल तर त्यावरून उतर, नाहीतर जिन्याच्या पायऱ्या उतर, जरा दाणदाण पाय आपटत. अंगठा पुढे ठेचला की समज, हा बूट उतारावर तुझी नखं काळी करणार. चढताना टाच किती उचलते तेही बघ. जराशी उचलली तर चालेल, नवा बूट ताठ असतो. पण अर्धा इंच उचलत असेल तर फोड ठरलेला. निदान वीस मिनिटं घालून फीर दुकानात. सेल्समन कंटाळेल. कंटाळू दे. पाय तुझे आहेत.

पैशांचं म्हणशील तर पंधरा हजारांच्या बुटाचा हट्ट मी धरणार नाही. पाच-सहा हजारांतही तुझ्या कामाचा, पायाला नीट बसणारा बूट मिळतो. क्वेचुआचे बर्फातले बूट आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या पायांत असतात आणि ते धडपणे जाऊन येतात. उरलेले पैसे मोज्यांवर घाल. मेरिनो लोकरीचे दोन जोड चालायला, आणि एक जाड जोड फक्त झोपायला, जो तंबूबाहेर कधीच जाणार नाही. सुती मोजा एकही नको. सुती मोजा ओल धरून ठेवतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पिऊनही ओली लागत नाही. बुटात मोजा एकच. फार तर आतून एक अगदी पातळ, फोड येऊ नयेत म्हणून, आणि तोसुद्धा बूट घेतानाच घालून बघितलेला. दुपारी जेवायला थांबलात की मोजा बदलायचा, मग सगळे हसोत. उतरवलेला मोजा जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायचा, संध्याकाळपर्यंत वाळतो.

तू म्हणालास ना, की बूट नाहीच जमले तर मामेभावाने अमेरिकेहून आणलेले माळ्यावर आहेत, त्याच मापाचे, जवळजवळ नवे? ते आणूही नकोस. तुझ्या दाजींनी हा प्रयोग केलाय. कुणाचे तरी दहा-बारा वर्षं खोक्यात जपून ठेवलेले, दोनदाच वापरलेले बूट. वरून बघितलं तर कातडं तुकतुकीत, नाड्याही कोऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चालता चालता उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला. आम्ही बघतोय तर आतला मधला थर शिळ्या भाकरीसारखा चुरा होऊन बर्फावर सांडत होता. तासाभरात डावाही गेला. बर्फात, उतारावर, दोन्ही पायांना तंबूची दोरी गुंडाळून ते कॅम्पपर्यंत आले. सोल आणि वरचा बूट यांच्यामध्ये जो मऊ थर असतो, तो बहुतेक पॉलियुरेथेनचा. हवेतली ओल तो वर्षानुवर्षं शोषत राहतो आणि आतून विरतो. बूट वापरला तरी आणि नाही वापरला तरी. उलट नुसता पडून राहिला की आणखी फसवतो, कारण वरून काही कळतच नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत माळ्यावर बारा वर्षं काढलेला बूट म्हणजे काय झालं असेल, तूच बघ. कुणाचाही जुना बूट घ्यायची वेळ आलीच तर मधल्या थरावर अंगठा जोराने दाबायचा, बूट दोन्ही हातांनी वाकवायचा. भेगा दिसल्या, भुगा आला की परत माळ्यावर.

बूट आणलास की आधी घरात घाल, संध्याकाळी तासभर. मग पर्वती. मग सॅक भरून सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने, भल्या पहाटे, कारण ऊन आलं की इन्सुलेटेड बुटात पाय उकडून निघेल. निदान चार वेळा तरी व्हायला हवं. जिथे घासतं तिथे आत्ताच कळू दे. जाताना विमानात बूट पायांत घालूनच बस. सामान उशिरा आलं तर जॅकेट कुणाचं तरी मिळेल, तुझ्या मापाचे बूट नाही मिळणार.

रात्री बूट तंबूच्या दाराशी ठेवायचे नाहीत. घामाची ओल असतेच आत, ती गोठते आणि सकाळी बूट लाकडाचा होतो, पाय आत जात नाही. सुकतळे काढून स्लीपिंग बॅगमध्ये घे. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत पायाशी, निदान डोक्याखाली तरी. नाड्या पूर्ण ढिल्या करून ठेव, पहाटे गारठलेल्या बोटांनी त्या सुटत नाहीत. शेकोटीजवळ मात्र कुणी कितीही म्हणालं तरी वाळवायचे नाहीत, सोलचा गोंद सुटतो.

आणि आता जे बोलणार आहे ते फक्त तुझ्या-माझ्यात. तू सिगारेट ओढतोस हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. आत्ता त्यावर भाषण देत नाही. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसतात, सगळ्यांत आधी हातापायांच्या टोकांच्या. शिखराच्या पहाटे ‘एक मारतो, ऊब येईल’ म्हणशील, आणि बोटांपर्यंत जाणारं रक्त तूच अडवशील. कॅम्पवर कुणी रम पुढे करेल. तिने अंग गरम वाटतं, कारण आतलं गरम रक्त कातडीजवळ येतं आणि ऊब बाहेर निघून जाते. ते तीन-चार दिवस दोन्ही नको. माझ्यासाठी नको.

तुम्हा मुलांना ‘पाय गार पडलाय’ म्हणायला लाज वाटते, मी बघितलंय. बाबा असेच होते. बोट दुखतंय तोपर्यंत ठीक आहे, दुखणं म्हणजे बोटात अजून जाणीव आहे. दुखायचं थांबलं आणि ऊबही आली नाही, तर त्याच क्षणी लीडरला हाक मार. थांब, नाडी सैल कर, बोटं हलव, कुणाच्या तरी अंगाशी लावून गरम कर. बर्फाने चोळायचं नाही, आगीसमोर धरायचं नाही. बधिर बोटाला भाजतंय हेही कळत नाही. बोट पांढरं, कडक, मेणासारखं दिसलं तर शिखर सोडून खाली. दहा जण खोळंबले तरी खोळंबू देत.

रविवारी सेल संपतोय तर संपू दे. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला दुकानाच्या दाराशी उभी असेन. दिवसभर चालून ये, रिक्षाने येऊ नकोस. मोजे मी घेऊन येते.